आदर्श वायूची उष्माधारकता : या चुका टाळा

उष्माधारकता म्हणजे इथे एक मोल वायूचं तापमान एक केल्विनने वाढवायला लागणारी उष्णता : स्थिर दाबाला ती सीपी, स्थिर आकारमानाला सीव्ही. प्रश्नात 'स्थिर दाब' दिसलं, की बरेच विद्यार्थी सगळीकडे सीपी लिहून मोकळे होतात. गणित तिथेच फसतं. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. त्यामुळे प्रक्रिया कोणतीही असो, तिच्यातला बदल काढायला सीव्हीच लागतो. एन्थाल्पीला (आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) तसाच कायम सीपी. प्रक्रिया कोणती हे बघायचं ते उष्णता काढताना.

करूनच बघा. 2 मोल हेलियम स्थिर दाबाखाली 300 केल्विनवरून 350 केल्विनवर नेला. हेलियम एकाणू (सुट्या अणूंचा), म्हणून सीव्ही म्हणजे आरची (वायू स्थिरांकाची, 8.314) दीडपट, 12.471 जूल प्रति मोल प्रति केल्विन. आंतरिक ऊर्जेतली वाढ 2 × 12.471 × 50, म्हणजे 1247.1 जूल. सीपी 20.785, म्हणून दिलेली उष्णता 2078.5 जूल. मधले 831.4 जूल कुठे गेले? वायू प्रसरण पावला, त्या कामात. आंतरिक ऊर्जेसाठीही सीपी वापरला असता, तर हे काम उत्तरातून गायबच झालं असतं. सीपी आणि सीव्ही यांच्यात आरचा फरक का असतो, तेही इथेच कळतं. सूत्र पाठ करण्याआधी हे एकदा हाताने सोडवाच.

याचीच दुसरी बाजू रुद्धोष्म प्रक्रियेत, म्हणजे उष्णता आत-बाहेर जात नाही तेव्हा, दिसते. उष्णता शून्य, म्हणून तापमान बदलणार नाही असं धरू नका. प्रसरण पावताना वायू स्वतःच्या ऊर्जेतून काम करतो आणि थंड होतो. इथेही आंतरिक ऊर्जेसाठी सीव्हीच.

आता रेणू. दीडपट आर फक्त एकाणू वायूंना. नायट्रोजन, ऑक्सिजनसारख्या द्विअणू वायूंना नेहमीच्या तापमानाला अडीचपट, कारण रेणूच्या फिरण्यातही ऊर्जा साठते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत आहे म्हणून त्यालाही अडीचपट लावला, तर सीव्ही 20.8 येतो, प्रत्यक्षात 25 अंश सेल्सिअसला तो सुमारे 28.5 आहे. त्याची वाकण्याची कंपनं त्या तापमानालाही ऊर्जा घेतात. अशा वायूंसाठी तक्त्यातलीच किंमत घ्या.

एककांकडे लक्ष असू द्या. जूलमध्ये उत्तर हवं तर आर 8.314, 0.0821 लिटर-वातावरणाचा आहे. दिलेली किंमत प्रति ग्रॅम असेल तर आधी मोलर वस्तुमानाने गुणा. आणि तापमानातल्या फरकात 273 मिळवू नका : 50 अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे 50 केल्विनचाच फरक.