खोल बुडी मारणाऱ्या व्हेलवर काम करायचंय? आधी टॅग समजून घ्या

व्हेलवरचं संशोधन म्हटलं की बोट, कॅमेरा आणि पाण्याबाहेर आलेली शेपटी डोळ्यांसमोर येते. क्युव्हिअर्स बीक्ड व्हेल या चोचीसारख्या तोंडाच्या व्हेलच्या अभ्यासात हे फारसं वाट्याला येत नाही. हा प्राणी तासभर खाली आणि जेमतेम दोन मिनिटं वर असतो. कॅलिफोर्नियाजवळ त्याची २९९२ मीटर खोल बुडी नोंदली गेली आणि अमेरिकेच्या पूर्वेला केप हॅटरसजवळ २२२ मिनिटांची. दोन्ही नोंदी पाठीच्या पंखावर बसवलेल्या सॅटेलाइट टॅगमधून, म्हणजे उपग्रहामार्फत माहिती पाठवणाऱ्या छोट्या नोंदयंत्रातून आल्या.

सॅटेलाइट टॅग आठवडेच्या आठवडे टिकतो, पण अँटेना पाण्याबाहेर असेल तेवढ्याच वेळात संदेश पाठवतो. त्यामुळे नोंदींत खंड पडतात. नवखे लोक दोन तुकडे जोडून एकच लांबलचक बुडी धरतात. खंड हा खंडच ठेवा.

डी-टॅग वेगळा. कार्बन फायबरच्या लांब दांड्याने तो पाठीवर टेकवतात. चार सक्शन कपांवर तो फार तर दिवसभर टिकतो, पण आवाज, खोली आणि शरीराची प्रत्येक हालचाल टिपतो. ठरल्या वेळी विजेच्या प्रवाहाने बारीकशी तार गंजवली जाते, कपांत हवा-पाणी शिरतं आणि टॅग सुटून तरंगतो. मग रेडिओ अँटेना फिरवत तो शोधायचा. माहिती टॅगमध्येच असते. तो हरवला की सगळंच गेलं. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की बीक्ड व्हेल नजरेला पडणंच कठीण होतं, म्हणून शांत समुद्राची वाट पाहण्यात मोहिमेचे बरेच दिवस जातात.

खरी मेहनत किनाऱ्यावर. टॅग पाठीवर तिरका बसतो, त्यामुळे त्याचे अक्ष आधी प्राण्याच्या अक्षांशी जुळवावे लागतात. मध्येच तो सरकला, तर तिथून पुढचं गणित नव्याने. ही पायरी चुकली, तर सरळ पोहणारा व्हेल आलेखात कुशीवर झुकलेला दिसतो.

आवाजाचंही तसंच. हे व्हेल पृष्ठभागाजवळ गप्प असतात आणि खोल गेल्यावर क्लिक, म्हणजे प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधण्यासाठीचे टिकटिक आवाज, करू लागतात. क्लिकची मुख्य ऊर्जा सुमारे ४० किलोहर्ट्झला असते, म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. ती स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्ररूप आलेखावर पाहायची, किंवा दहापट संथ करून ऐकायची. क्लिकांमधलं अंतर झपाट्याने कमी होऊन सलग गुणगुण झाली, की ती भक्ष्य पकडण्याची धडपड. भक्ष्य मिळालंच, असं त्यावरून लिहू नका. शेजारच्या व्हेलचे क्लिकही टॅगमध्ये येतात, ते वेगळे काढायला सवय लागते.

एवढा खटाटोप का? मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर नौदलाच्या सोनारनंतर (पाण्याखाली आवाज सोडून प्रतिध्वनीवरून शोध घेणारं यंत्र) बीक्ड व्हेल किनाऱ्याला लागले. सोनारच्या आवाजाने ते खाणं सोडून दूर जातात, हे पुढे टॅगमुळेच दिसलं. असे निष्कर्ष आलेखातल्या चार रेषांवर उभे असतात, म्हणून काटेकोरपणाला इथे पर्याय नाही.

पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ किंवा कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) चांगलं. भारतात व्हेल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. किनाऱ्यावर मेलेल्या व्हेलचा नमुनाही वनखात्याच्या परवानगीशिवाय घेऊ नका. प्रवेश मिळेपर्यंत आर ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा शिका, पॅमगार्ड हे व्हेलचे आवाज तपासायचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि स्पर्म व्हेलच्या ध्वनिमुद्रणांवर क्लिक मोजायचा सराव करा. ते कानाला ऐकू येतात आणि साधारण अर्ध्या ते एक सेकंदाच्या अंतराने पडतात, त्यामुळे सुरुवातीला सोपे जातात.