वाड्यावर केबल न्यायची? आधी चर मोजा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाड्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, फोन-इंटरनेटची केबल ओढण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. धंद्यात नवा उतरलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो: फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेच्या तंतूची केबल) मीटरला केवढ्याला, तांबं केवढ्याला? हिशेब तिथून धरू नका.

आपल्याकडे वीतभर माती उकरली की जांभा लागतो. तिथे कुदळ चालत नाही, ब्रेकर आणावा लागतो. रस्ता कापायचा तर परवानगी, आणि तो पुन्हा नीट करण्याचे पैसे वेगळे. चरात तांबं टाका नाहीतर फायबर, हा खर्च तेवढाच. म्हणून वहीत आधी लांबी लिहा: मातीतली, जांभ्यातली, रस्त्याखालची, आणि वीज खात्याच्या खांबांवरून नेता येईल तेवढी.

मग सामान. तांब्याची हत्यारं स्वस्त, हे खरं. फायबरला तंतूची टोकं जोडणारं स्प्लायसिंग मशीन लागतं. सुरुवातीला ते विकत घेऊ नका, जोडणाऱ्यालाच मशीनसह बोलवा आणि सगळे जॉइंट एकाच दिवशी उरका. पण तांब्यावर एडीएसएल२+ (फोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याची पद्धत) चे २४ एमबीपीएस फक्त टेलिफोन एक्स्चेंजच्या जवळ मिळतात, चार-पाच किलोमीटरवर जेमतेम काही उरतात. वेग हवा तर वाड्याजवळ यंत्राची पेटी, वीज, बॅटरी. पावसात वीज गेली की बॅटरी किती तास टिकणार? जीपॉन फायबर (एकाच तंतूवरून अनेक घरांना जोडणी देण्याची पद्धत) साधारण २० किलोमीटर जातं आणि वाटेत प्रकाश घरोघर वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही.

३२ घरांचा वाडा, अंतर ८ किलोमीटर, असं धरा. फायबरमधला क्षय, म्हणजे वाटेत कमी होणारा प्रकाश, डीबीत (डेसिबलमध्ये) मोजतात: किलोमीटरला ०.३५ डीबी, म्हणजे २.८. एकास बत्तीस स्प्लिटर सुमारे १७. चार कनेक्टर २, सहा जॉइंट ०.६. बेरीज २२.४, बी प्लस वर्गाच्या यंत्राला २८ पर्यंत चालतं. उरलेले साडेपाच डीबी पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखा.

दुरुस्तीचाही रकाना ठेवा. एका कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) तांब्याचा जॉइंट मी एकाच जुलैत तीनदा उघडला; प्रत्येक वेळी आत पाणी. म्हातारी आजी मुंबईच्या मुलाशी बोलायला फोनपाशी बसून असायची, ते अजून डोळ्यांसमोर आहे. शिवाय तांबं वीज पडली की यंत्रापर्यंत पोचवतं, आणि भंगारात विकलं जातं म्हणून चोरीलाही जातं.

जमिनीत तांब्याच्या तारांची जुनी जोडी चांगली असेल आणि अंतर किलोमीटरच्या आत, तर ती वापरा, खणू नका. नवा चर मात्र फक्त फायबरसाठी. बुजवण्याआधी शेजारी एक रिकामा डक्ट (केबलची नळी) टाका, आत ओढायची दोरी ठेवा, दोन्ही तोंडं घट्ट बंद करा. हे सगळं मे संपण्याआधी.