थंडीत वासरू जन्मलं की आधी चीक, बाकी सगळं नंतर

थंडी पडली की गोठ्यात वासरांची हगवण, न्यूमोनिया सुरू होतो आणि मग जो तो औषध विचारत सुटतो. पण वासरू तगणार की नाही हे बऱ्याच वेळा त्याच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही तासातच ठरून गेलेलं असतं, म्हणून ज्यांच्या गाई-म्हशी आता विणार आहेत त्यांनी हे आत्ताच वाचून ठेवा.

माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या रक्तातून अँटीबॉडी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात जार (वार) त्या आरपार जाऊच देत नाही, त्यामुळे वासरू जवळजवळ कोऱ्या रक्ताने जन्माला येतं आणि गोठ्यातले जंतू तर पहिल्या मिनिटापासून तोंडात, नाळेत शिरायला तयारच असतात. आई ही कसर चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून, भरून काढते, विण्याआधीच्या काही आठवड्यात ती स्वतःच्या रक्तातल्या अँटीबॉडी कासेत आणून साठवते. १९२२ साली थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या शास्त्रज्ञांनी काही वासरांना चीक दिला आणि काहींना दिलाच नाही, तर बिनचिकाची बहुतेक वासरं थोड्याच दिवसात मेली. शंभर वर्षं झाली या गोष्टीला, तरी अजून चीक उशिरा पाजला जातो याचं फार वाईट वाटतं.

उशीर का चालत नाही ते नीट समजून घ्या. नवजात वासराचं आतडं अँटीबॉडी न पचवता अख्ख्या रक्तात घेतं, पण ही सोय फक्त पहिल्या २४ तासांपुरती असते आणि तीही तासातासाला कमी होत जाते, पहिल्या २ ते ४ तासात सगळ्यात चांगली. दुसरीकडे कासेतला चीकही पातळ होत जातो. म्हणजे जार पडायची वाट बघत बसलात तर दोन्हीकडून नुकसान. जार पडेल तेव्हा पडेल, तुम्ही कास-सड कोमट पाण्याने धुवा, कोरडे पुसा आणि स्वच्छ भांड्यात चीक काढा. भांडं घाण असेल तर चिकाबरोबर जंतूही पोटात जातात आणि ते अँटीबॉडी शोषायच्या आड येतात.

किती पाजायचा? वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पहिल्या २-४ तासात, एका दमात पीत नसेल तर दोनदा करून, आणि मग ८ ते १२ तासांनी वजनाच्या ५ टक्के अजून. करडू-कोकराला एका वेळी किलोमागे ५० मिली, दिवसभरात किलोमागे २०० मिली. नुसतं आईखाली सोडून पिलं असेल म्हणून गप्प बसू नका, किती पोटात गेलं ते कळतच नाही, आणि थंडीत ओलं गारठलेलं वासरू तर उठायलाच उशीर करतं. आधी ते पोत्याने खसाखसा चोळून कोरडं करा, कोरड्या गवतावर ठेवा, वारा लागू देऊ नका, आणि चीक अंगाइतका कोमट, ३८-३९ अंशाला द्या. चोखतच नसेल तर तोंडात बळंच ओतू नका, फुफ्फुसात जातं, डॉक्टरला बोलवून नळीने पाजून घ्या. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं तेही लगेच.

चीक दाट पिवळा दिसला म्हणजे चांगलाच असं नसतं. द्राक्षवाले गोडी मोजायला जो रिफ्रॅक्टोमीटर वापरतात तोच इथे चालतो, दोन थेंब टाका, ब्रिक्स (त्यावर दिसणारा आकडा) २२ किंवा वर आला तर बिनधास्त पाजा. पहिलारू असेल किंवा विण्याआधीच कास गळत असेल तर हमखास तपासा. चांगल्या गाईचा जास्तीचा चीक लिटर-लिटरच्या बाटल्यांत भरून, तारीख टाकून डीप फ्रीजरला ठेवा, उणे २० अंशाला वर्षभर टिकतो. वितळवताना ५० अंशांपेक्षा गरम पाणी नको, उकळला तर चीक फाटतो आणि अँटीबॉडीही जातात.

२४ तासांनंतर चीक रक्तात जात नसला तरी ३-४ दिवस पाजतच रहा, आतड्यातल्या आतड्यात तो हगवणीच्या जंतूंना धरून ठेवतो.

आणि ज्या अजून गाभण आहेत त्यांना विण्याआधी ४५ ते ६० दिवस आटवा, म्हणजे दूध काढणं बंद करा, पोटभर चारा आणि मिनरल मिक्श्चर द्या, हगवणीची लस विण्याआधी द्यायची का हे डॉक्टरला आत्ताच विचारा, कारण लसीने आईच्या रक्तात वाढलेल्या अँटीबॉडीच पुढे चिकात उतरतात आणि त्याला काही आठवडे लागतात.