वॉरंटीतली गाडी शोरूमला लावताय? आधी जॉब कार्ड नीट लिहून घ्या

नाशकात कोणी नवी गाडी घेतली की सगळे ॲव्हरेज विचारतात, सनरूफ आहे का विचारतात, ऑन रोड कितीला पडली विचारतात, पण सर्व्हिसिंग कुठे करणार हे कोणीच विचारत नाही. मग वर्षभरात पुढच्या चाकातून खडखड यायला लागते नाहीतर स्क्रीन मधेच काळी होते आणि मुंबई नाका ते पाथर्डी फाटा अशा शोरूमच्या फेऱ्या सुरू होतात. तिथे ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर आपली गाडी घेणारा माणूस, हसून सांगतो "सर, या मॉडेलला असा आवाज असतोच". त्याच्यापुढे काय करायचं आणि वॉरंटीतलं काम फुकटात आणि नीट कसं करून घ्यायचं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे शोरूमवाला आणि कंपनी हे दोन वेगळे धंदे आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. शोरूमवाला तुमचा पार्ट वॉरंटीत बदलतो आणि मग कंपनीकडे क्लेम टाकतो, सोबत फोटो, फॉल्ट कोड (बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर साठवतो तो नंबर), किलोमीटर, सर्व्हिस हिस्टरी सगळं जोडावं लागतं आणि बऱ्याचदा जुना पार्टही जपून ठेवावा लागतो. क्लेम पास झाला तर पैसे मिळतात, नाकारला तर फटका त्याला. म्हणून ॲडव्हायझर टाळाटाळ करतो तेव्हा तो दरवेळी खोटंच बोलत असतो असं नाही, त्याला वर दाखवायला पुरावा हवा असतो. तो पुरावा तुम्हीच हातात आणून दिला तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

आणि पुराव्याची सुरुवात जॉब कार्डापासून होते, म्हणजे गाडी घेताना तुमच्या तक्रारी आणि करायची कामं ज्यावर नोंदवतात त्या कार्डापासून. आपण काय करतो, काउंटरवर जाऊन पाच मिनिटं तोंडाने सगळं सांगतो, ॲडव्हायझर मान डोलावतो, टॅबवर "जनरल चेकअप" एवढंच टाकतो, आपण सही करून रिक्षाने ऑफिसला जातो. संध्याकाळी गाडी धुऊन मिळते, आवाज तसाच. पुढच्या वेळी गेलात की सिस्टीममध्ये तुमची मागची तक्रारच नसते! त्यामुळे सही करायच्या आधी कार्ड वाचा, आणि तक्रार तुमच्याच शब्दांत घालायला लावा. "सस्पेन्शन चेक करणे" असं नको, "थंड इंजिनवर, २० ते ३० च्या स्पीडला, खराब रस्त्यावर डाव्या पुढच्या चाकाकडून टकटक आवाज, साधारण महिनाभरापासून" असं पाहिजे. तो म्हणेल सर एवढं बसत नाही, तर म्हणा दादा दोन ओळी जास्त लागू देत, पण लिहा. शेवटी कॉपी मागा, पीडीएफ व्हॉट्सॲपवर घ्या, आणि गाडी परत घेताना त्याच कार्डावर काय केलं ते लिहिलंय का ते बघा. काही सापडलं नाही असं म्हणत असतील तर तेही लेखी घ्या. एकच तक्रार वेगवेगळ्या तारखांना तीन कार्डांवर दिसली की तिचं वजन एकदम वाढतं, आणि उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हेच कागद कामाला येतात, तुमची आठवण नाही.

आता आवाजाचं. गाडी शोरूमला पोचली की आवाज बंद होतो हा अनुभव सगळ्यांचाच आहे, त्यामुळे आवाज कधी येतो ते आधी घरी नीट बघून ठेवा. सकाळी पहिल्या स्टार्टलाच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी वर्कशॉपला लावा आणि सांगा की सकाळी माझ्यासमोरच चालू करायची, कारण दहा किलोमीटर चालवत आणलेल्या गाडीत थंड इंजिनचा आवाज कसा सापडेल. खड्ड्यात येत असेल तर टेक्निशियनला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या आणि रस्ता तुम्ही निवडा, हायवेच्या गुळगुळीत पट्ट्यावर चक्कर मारून "सर काहीच नाही" म्हणतात, अंबड एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला न्या किंवा सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी जिथे जिथे खोदून ठेवलंय तिथे न्या, रस्त्यांची कमी नाहीये आपल्याकडे. व्हिडिओ काढताना शेजारच्याला काढायला सांगा, किलोमीटरचा आकडा आणि पेटलेला लाईट फ्रेममध्ये येऊ द्या.

चेक इंजिन लाईट लागून आपोआप गेला असेल तरी कोड बऱ्याचदा आत साठलेला असतो. स्कॅनर लावल्यावर आधी स्क्रीनचा फोटो घ्या, मग कोड उडवू द्या. बरेच टेक्निशियन सवयीने कोड डिलीट करतात आणि गाडी हातात देतात, मग पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. शोरूमला न्यायच्या आधी घरी बॅटरी काढून लावायचा जुगाडही करू नका, काही गाड्यांत त्याने कोड जातो.

वॉरंटीत काय बसतं काय नाही हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते प्लास्टिकमधून काढून एकदा तरी वाचा. मारुतीने जुलै २०२४ पासून स्टँडर्ड वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, त्याआधी २ वर्षं किंवा ४० हजार होती, म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगळी वॉरंटी असू शकते. तेव्हा शेजाऱ्याचं ऐकून जाऊ नका, आपली डिलिव्हरीची तारीख बघा. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट, फिल्टर, बल्ब ही झिजणारी मंडळी साधारण वॉरंटीत येत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची असते, शोरूम फक्त मध्ये. आणि सेफ्टीच्या दोषासाठी रिकॉल निघाला असेल, म्हणजे कंपनीनेच त्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या असतील, तर तो वॉरंटीपेक्षा वेगळा विषय, ते काम वॉरंटी संपली तरी फुकट होतं, कंपनीच्या साईटवर १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून बघता येतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर हे पहिलं करावं.

क्लेम नाकारायचं सगळ्यात आवडतं कारण म्हणजे वायर कट. बाहेरून हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम बसवताना कोणी मूळ वायर सोलून जोड दिला असेल तर पुढे त्या लाईनवरचा कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड तुमच्या गळ्यात. कपलर टू कपलर, म्हणजे वायर न कापता मूळ प्लगलाच जोडून बसवणारा माणूस शोधा, दोनशे रुपये जास्त घेईल. सीएनजी बाहेरून बसवायचा विचार असेल तर आधी पुस्तकात वॉरंटीचं काय लिहिलंय ते बघा, मग ठरवा.

दुसरं कारण उंदीर. मळ्यात, बंगल्याच्या आवारात, बिल्डिंगच्या बेसमेंटला गाडी लावणाऱ्यांना हा त्रास माहितीये, पूर्ण वायरिंग कुरतडून टाकतात आणि बिल बघून चक्कर येते. वॉरंटीत हे बसत नाही, ते इन्शुरन्सचं काम आहे, पॉलिसी फर्स्ट पार्टी असेल तर तिथे विचारा. पाण्याचंही तसंच. गोदेला पूर आला आणि गाडी पाण्यात अर्धी बुडाली तर पाणी ओसरल्यावर स्टार्टर अजिबात मारू नका, इंजिनमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट हे जादाचं कव्हर नसेल तर इन्शुरन्सवालेही हात वर करतात. टो करूनच न्या.

डिझेलवाल्यांसाठी थोडं जास्त. २०२० नंतरच्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाईनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि कॉलेज रोड ते शरणपूर रोड असं रोज चार किलोमीटर चालवून तो तापत नाही. मग लाईट लागतो, पिकअप जातो, शोरूम म्हणतं सर तुमचा ड्रायव्हिंग पॅटर्न, वॉरंटीत नाही. यात त्यांचंही थोडं खरं आहे, म्हणून अधूनमधून गाडी सिन्नरकडे नाहीतर पिंपळगाव बसवंतकडे हायवेला काढा, एका स्पीडला वीस-पंचवीस मिनिटं चालवा, नेमकं कसं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण हायवेला रोज चालणाऱ्या गाडीचाही फिल्टर सारखा भरत असेल तर मात्र ड्रायव्हिंग पॅटर्नवर गप्प बसू नका, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट), सेन्सर, टर्बो यातलं काही बिघडलेलं असू शकतं, ते तपासायला सांगा आणि तसं कार्डावर घाला. इथे एक नाशिकचा प्रॉब्लेम आहे, ज्या गावात मायको सर्कल आहे (मायको म्हणजे आताची बॉश, डिझेलचे इंजेक्टर बनवणारी कंपनी) तिथे प्रत्येकाचे एक काका मायकोतून नाहीतर महिंद्रातून रिटायर झालेले असतात आणि इंजेक्टर म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. ज्ञान खरंच असतं त्यांच्याकडे, सल्ला जरूर घ्या, पण वॉरंटीतल्या गाडीचा इंजेक्टर बाहेर खोलू देऊ नका, एकदा बाहेर पाना लागला की शोरूमला आयतं कारण मिळतं.

आता बिल. सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग असल्या गोष्टी हळूच घातलेल्या असतात. त्यांना टार्गेट असतं, चिडू नका, मॅन्युअलमधला मेंटेनन्सचा तक्ता उघडा, त्यात जे आहे तेवढं करा, बाकीला नको म्हणा. "सर नाही केलं तर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल" असं म्हणाले तर हेच वाक्य लिहून द्या म्हणा, सहसा कोणी लिहून देत नाही. उलट तक्त्यातली सर्व्हिस मात्र वेळेवर करा, किलोमीटर कमी झाले म्हणून वर्षाची सर्व्हिस चुकवणारे खूप आहेत, आणि किलोमीटर किंवा महिने यातलं जे आधी येईल ते धरतात. गाडी आठ दिवस पार्टसाठी अडकली तर पार्टचा ऑर्डर नंबर आणि तारीख विचारा, नुसतं "पार्ट मागवलाय" याला काही अर्थ नाही. पिकअप-ड्रॉप घेत असाल तर गाडी देताना किलोमीटर आणि फ्युएलच्या काट्याचा फोटो.

सर्व्हिसनंतर फीडबॅकचा फोन येतो आणि ॲडव्हायझर आधीच विनवतो की सर दहापैकी दहा द्या. त्याचा इन्सेन्टिव्ह त्यावर असतो, चांगलं काम केलं असेल तर खुशाल द्या, पण काम अर्धवट असताना दहा देऊ नका. आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागितला तर गाडी चालवून बघितल्याशिवाय देऊ नका, एकदा तक्रार सॉल्व्ह्ड दिसली की पुढे कोणी विचारत नाही.

एवढं करूनही हलत नसेल तर वर जायचं, पण पायरीने. ॲडव्हायझरशी काउंटरवर भांडून काही होत नाही, तो पोरगा पंचवीस हजारावर काम करत असतो. सर्व्हिस मॅनेजरला भेटा, मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार नंबर घ्या आणि त्याच दिवशी सगळ्या जॉब कार्डांच्या कॉपी जोडून ईमेल करा. ईमेल छोटा ठेवा, तारीख, किलोमीटर, तक्रार, त्यांनी काय केलं, अजून काय होतंय, तुम्हाला काय पाहिजे. त्यात कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरने गाडी बघावी अशी मागणी करा, कारण शोरूमच्या हातात नसलेलं अप्रूव्हल तो देऊ शकतो, आणि तो येणार त्या दिवशी स्वतः हजर राहा, रजा टाकावी लागली तरी टाका. तरी नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५, इथे तक्रार फुकट नोंदवता येते आणि कंपनीकडून उत्तर मागवलं जातं.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथे केस टाकता येते, म्हणजे कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, नाशिकलाच चालते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १०००. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाईन टाकता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं, त्यामुळे शोरूमच्या "बघतो बघतो" वर वर्ष घालवू नका. फक्त नवीन गाडीच बदलून मिळेल अशी आशा धरून जाऊ नका. आपल्याकडे अमेरिकेसारखा लेमन लॉ, म्हणजे सारखी बिघडणारी नवी गाडी बदलून किंवा पैसे परत द्यायला लावणारा कायदा, नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २००६ साली मारुतीच्या एका केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की वॉरंटी म्हणजे दोष असलेला भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं, अख्खी गाडी बदलून देणं नाही. उत्पादनातलाच दोष आहे म्हणायचं तर बऱ्याचदा तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो. दुरुस्ती, खर्चाची भरपाई, त्रासाबद्दल काही रक्कम, असं मागणं जास्त टिकतं.

आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधीची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवायला लावा, खाली उभं राहून स्वतः बघा, ऑइलचा ओलावा कुठे आहे का, शॉकॲबसॉर्बर गळतोय का, बुश, स्टिअरिंग रॅक, एसीचं कूलिंग, सगळे पॉवर विंडो. जे जे सापडेल ते सगळं कार्डावर, बारीकसारीकही, कारण वॉरंटीत नोंदलेली तक्रार पार्ट यायला उशीर झाला तरी वॉरंटीतलीच म्हणून भांडता येते. एक्सटेंडेड वॉरंटी घ्यायची तर ती याच महिन्यात ठरवा, कंपनीची स्वतःची आहे की बाहेरच्या कोणाची ते विचारा, कोणते पार्ट वगळलेत त्याची यादी मागा, गाडी विकली तर पुढच्याच्या नावावर होते का तेही. ऑटोमॅटिक, टर्बो, मोठी स्क्रीन असलेली गाडी ठेवणार असाल तर घ्या, दोन वर्षांत विकणार असाल तर नावावर होत असेल तरच.