धरणातले मासे मोजायचे तर

धरण-तलावांतल्या माशांवर संशोधन करायचं तर सरळ वाट बीएफएससीची, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदवीची. बारावी विज्ञाननंतर ४ वर्षं. शिरगाव (रत्नागिरी), नागपूर, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत. पुढे २ वर्षांचं पदव्युत्तर एमएफएससी, त्यासाठी वर्सोव्याची १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. प्राणिशास्त्रातून येणाऱ्यांनी जाळ्यांची ओळख मुद्दाम करून घ्यावी.

कारण एकाच आसाचं (आस म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप) जाळं टाकून तलावात काय आहे ते ठरवणं, ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक. अडक-जाळ्यात ठरावीक जाडीचाच मासा अडकतो. लहान निसटतो, मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. म्हणून ३०, ५०, ८०, १२० मिमी असे निरनिराळे आस, सारख्या लांबीचे, संध्याकाळी लावून पहाटे काढायचे. किती तास, किती खोलीवर, हे दरवेळी लिहायचं. उशीर झाला की खेकडे आणि पाणमांजरं ताव मारतात आणि आकडा घसरतो.

मोजताना लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. कुणी शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली, तर सगळा तक्ता बिघडतो. वजनाआधी मासा फडक्यानं टिपा; बोटभर चिलापीवर (तिलापियावर) ओलाव्याचाही फरक पडतो. एकानं आकडा वाचावा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं म्हणत पेन्सिलीनं लिहावा. शाई पाण्यानं पसरते. लांबीवरून वजन काढायच्या समीकरणात लांबीचा घातांक साधारण ३ येतो. २.५ आला, म्हणजे लांबीच्या मानानं वजन कमी वाढतंय, तर मासे उपाशी आहेत असं लिहिण्याआधी वजनकाटा तपासा, आणि नमुन्यात लहान-मोठे सगळे आले होते का तेही बघा.

खूण करून सोडायच्या पद्धतीत खरी कसोटी लागते. २०० मासे खूण करून सोडले, नंतर १५० धरले, त्यांत १० खुणेचे निघाले, तर तलावातल्या एकूण माशांचा अंदाज २०० × १५० ÷ १० म्हणजे ३०००. पण निम्म्या खुणा गळून पडल्या तर ५च सापडतील आणि कागदावर मासे दुप्पट, ६०००! काही मासे दोन-दोन खुणांचे सोडावेत. एकच खूण उरलेले किती परत येतात, त्यावरून गळतीचा हिशेब लागतो.

उजनीसारख्या जलाशयावर मच्छीमारांच्या मासळीचीही नोंद घ्यावी लागते. ती काठावर, होडी लागताक्षणी घ्या. भिगवणच्या बाजारात पोचेपर्यंत मोठा कटला, मरळ वेगळे काढलेले असतात. उरलेल्या ढिगातून नमुना घेतला, तर धरणात सगळी चिलापीच आहे असं वाटेल.