बाहेरचा बफर ओतू नका

पुण्याला सीडीच्या (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे प्रकाश टाकून प्रथिनाची घडी बघायच्या) मशीनवर प्रथिनाचा नमुना न्यायचा असेल तर तयारी आदल्या दिवशी सकाळीच. मागच्या खेपेला माझा स्लॉट वाया गेला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आमचं प्रथिन अपो ए-वन, रक्तातल्या एचडीएलमधलं (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांमधलं) मुख्य प्रथिन. २४३ अमिनो आम्लं, २८ किलोडाल्टन. सुकी पूड थेट बफरात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकायची नाही, रेणू एकमेकांना चिकटलेले असतात. आधी ६ मोलर ग्वानिडीनमध्ये (प्रथिनाची घडी उलगडणारं रसायन) सोडवा, मग डायलिसिसने, म्हणजे नमुना झिरपणाऱ्या पिशवीत भरून बफरात बुडवून, ग्वानिडीन काढा. बफर फॉस्फेटचा, बिनमिठाचा. मिठातलं क्लोराइड २०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खाली प्रकाश गिळतं. पिशवीबाहेरचा बफर तीनदा बदला, कोल्डरूममध्येच. एप्रिलातलं सोलापूर आहे, टेबलावर ठेवून जेवायला जाल तर संपलंच.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या वेळचा, पिशवीबाहेरचा बफर बेसिनमध्ये ओतू नका. १०० मिली बाटलीत भरा, वर तारीख टाका. मी ओतला होता. पुण्यात ताजा बफर बनवून ब्लँक (प्रथिनाशिवायचं, तुलनेचं मोजमाप) घेतला, तो सरळ आला. नमुना लावला तर २१० नॅनोमीटरच्या खाली नुसता दंगा, एचटी व्होल्टेज (डिटेक्टरचं; प्रकाश कमी पोचला की चढतं) वर चढलेलं. प्रथिन गोळा झालंय की ग्वानिडीन उरलंय, कळायला मार्गच नाही. बाहेरचा बफर असता तर त्यातही तोच दंगा दिसतो का ते बघून पाच मिनिटांत कळलं असतं. नमुना पातळही त्यानेच करायचा, नळाशेजारच्या कॅनमधल्या पाण्याने नाही. मिलीला ०.१ मिलिग्रॅमच्या वर ठेवलात तर रेणू पुन्हा जोड्या जमवतात. म्हणजे बाटली हवीच. पिशवी आवरण्याआधी बाटली भरा.

बर्फ, थर्माकोलचा डबा, वरून जुनी चादर गुंडाळा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लोक हसतील, पण पुण्यापर्यंत बर्फ टिकतो. एक मिलिमीटरचं क्वार्ट्झ क्युवेट (नमुना भरायची पारदर्शक कुपी) स्वतःचं न्या. बाटली डब्यात आहे ना? डब्यात, दुसऱ्याच्या बॅगेत नाही.

तिथे मशीनमधला ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन आधी सोडा. पहिला ब्लँक बाटलीतला. मग २६० ते १९० नॅनोमीटर स्कॅन, एचटी बघत; ते चढलं की त्याखालचे आकडे सोडून द्या. २०८ आणि २२२ ला खड्डे दिसले की हेलिक्स (प्रथिनातली मळसूत्री घडी) शाबूत. मग २२२ धरून तापमान २० ते ९० अंश चढवा, मिनिटाला एक. हे प्रथिन सैल, ६० च्या आसपास सावकाश उलगडतं, ताठ पायरी शोधू नका. गार करून पुन्हा एक स्कॅन. क्युवेट धुवा. उरलेला बफर परत आणा, प्रथिनाची एकाग्रता मोजायला २८० नॅनोमीटरलाही ब्लँक तोच लागतो.