ग्राफिक्स कार्ड वारंवार बंद पडत असेल तर: खेड्यातील संगणकासाठी तपासणीचा क्रम

गेम खेळताना किंवा लग्नाचा व्हिडिओ एडिट करताना पडदा अचानक काळा पडला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि ते काढून नागपूरला, अमरावतीला किंवा अकोल्याला दुकानात पाठवले जाते. दुकानात वीज स्थिर असते, खोली थंड असते आणि टेबलावरचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) चांगल्या प्रतीचा असतो, त्यामुळे तेथे कार्ड दिवसभर कुरकुर न करता चालते. घरी परत आले की तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. म्हणून कार्ड घराबाहेर पाठवण्यापूर्वी दोष कार्डाचा आहे की त्याला मिळणाऱ्या विजेचा, उष्णतेचा किंवा ड्रायव्हरचा (विंडोजमध्ये कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आहे, हे घरीच ठरवून घ्यावे. यातील बहुतेक तपासण्यांना काहीही खर्च येत नाही.

सुरुवात संगणक नेमका कसा बंद पडतो हे पाहण्यापासून करावी. पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत आला आणि फक्त गेम बंद झाला, तर विंडोजने ड्रायव्हर स्वतःहून पुन्हा सुरू केला असे समजावे. कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज हे करते. पडद्यावर ‘नो सिग्नल’ आले, पण आवाज चालूच राहिला आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, तर संगणक जिवंत आहे, फक्त कार्डाशी त्याचा संपर्क तुटला आहे. बटन दाबल्यासारखा सगळा संगणकच बंद झाला किंवा पुन्हा सुरू झाला, तर शोध एसएमपीएस आणि घरातील वीज यांपासून सुरू करावा. रंगीत चौकोन किंवा उभ्या रेषा विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर तेथे ड्रायव्हर अजून लोडच झालेला नसतो. असा दोष बहुधा कार्डाच्या मेमरीचा असतो. मात्र आधी केबल बदलून पाहावी.

यानंतर विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर हा नोंदी दाखवणारा प्रोग्राम उघडून ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘सिस्टिम’ पाहावे. ‘डिस्प्ले’ या नावापुढे ४१०१ क्रमांक असेल तर तो वर सांगितलेल्या ड्रायव्हरच्या पुनरारंभाचा आहे. ‘कर्नल-पॉवर’ ४१ ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात, परंतु संगणक नीट शटडाऊन न होता बंद झाला एवढेच ती सांगते, आणि तीही पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर निळा पडदा नोंदवला गेलेला नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली. तो २७८ असेल तर ड्रायव्हर सावरला नाही. निळ्या पडद्यावर हाच आकडा षोडशमान पद्धतीत ११६ असा दिसतो. याशिवाय एका वहीत बंद पडण्याची वेळ, त्या वेळी दिवे मंद झाले होते का आणि घरात दुसरे काय चालू होते, हे लिहून ठेवावे. ही वही पुढे फार कामाला येते.

वीज

आपल्याकडे सर्वाधिक वेळ या भागाला द्यावा, असे माझे मत आहे. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झाले, किंवा वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांचे ओलीत चालू असले, की ज्या डीपीवर मोटारपंपही आहेत आणि घरेही आहेत, तेथे व्होल्टेज खाली येते. शेतातील घरांना हा त्रास जास्त होतो. एसएमपीएसला संगणकासाठी ठरावीक शक्ती पुरवायचीच असते, त्यामुळे व्होल्टेज घटले की तो जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. त्याच वेळी गेममध्ये कार्डाची मागणी एकदम वाढली तर हलका एसएमपीएस तेथेच मान टाकतो. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिले असेल तर त्याला बराच उतार सोसतो. २००-२४० लिहिले असेल तर सोसत नाही.

मोजणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो, मात्र हात बसलेला नसेल तर वायरमनला सोबत घ्यावे. मल्टिमीटरची चकती एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० वर ठेवावी आणि लाल वायर व्होल्टच्याच भोकात आहे, १० अँपिअरच्या भोकात नाही, हे दोनदा पाहावे. तेथे राहिली तर बोर्डात थेट शॉर्ट होतो. बोटे प्रोबच्या कडीमागे ठेवून, संगणक ज्या एक्स्टेंशन बोर्डावर आहे त्याच्याच मोकळ्या सॉकेटमध्ये, गेम चालू असताना फेज आणि न्यूट्रल यांच्यामधील व्होल्टेज पाहावे. ते २३० च्या आसपास असावे. पंप चालू असताना आणि पंप बंद असताना अशा दोन्ही वेळी मोजावे, कारण रात्री अकराला २३५ दाखवणारा बोर्ड संध्याकाळी सातला १८० दाखवू शकतो. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजावे. तेथे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असू नये.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, हे मीटरशिवायही कळते. एसएमपीएसमधील फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या पत्र्यावर मुख्य विजेच्या सुमारे निम्मे व्होल्टेज अत्यल्प करंटने येते. टीव्हीलाच मॉनिटर करण्याची पद्धत आता खेड्यात रुळली आहे. त्या टीव्हीला डिशची केबल जोडलेली असेल आणि कॅबिनेटला अर्थिंग नसेल, तर एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडून कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो. त्यात पाणी सोडावे, आणि तरीही फरक पडला नाही तर वायरमनकडून नवा करून घ्यावा.

यूपीएसचा विचार वेगळा करावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि बॅटरी जुनी झाली असेल तर तेवढेही नाही. सर्व कामे सेव्ह करून, कार्डावर ताण असताना, यूपीएसचे भिंतीवरील बटन बंद करून पाहावे. संगणक त्याच क्षणी बंद झाला तर आधी संशय यूपीएसवर घ्यावा, कार्डावर नव्हे. घरातील पंखे-दिव्यांच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर संगणक चालवू नये, विशेषतः एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) प्रकारचा असेल तर.

एसएमपीएसच्या खोक्यावर छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नये. एसएमपीएसवरच चिकटवलेल्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून गुणाकार करावा. ४५० वॅट असे नाव असलेल्या स्वस्त एसएमपीएसवर तेथे १६ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर तो १९२ वॅटच देणार. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट लागतात आणि तेवढे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात, त्यामुळे ते कार्ड अशा एसएमपीएसवरही निभावते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट आणि आरएक्स ५८० ला सुमारे १८५ वॅट लागतात, शिवाय प्रोसेसरचे वेगळे. तेथे हा हिशेब बसत नाही. साटा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीतून कार्डाला वीज देणारे कन्व्हर्टर लावलेले दिसले तर ते आधी काढावेत. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनवलेली असते आणि कार्डाचा ८ पिनी जोड १५० वॅट मागू शकतो. असे कन्व्हर्टर वितळलेले पाहायला मिळतात.

उष्णता आणि कापूस

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खोली जेवढ्या अंशांनी तापते, साधारण तेवढ्याच अंशांनी कार्डही जास्त तापते. दिवाळीनंतर ७२ अंशांवर राहणारे कार्ड उन्हाळ्यात ९० च्या जवळ जाते. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एक सॉफ्टवेअर चालू ठेवून तापमानाची नोंद फाइलमध्ये घ्यावी, म्हणजे बंद पडण्याच्या क्षणापूर्वीचा आकडा हाती लागतो. नुसत्या उष्णतेने कार्ड सहसा एकदम बंद पडत नाही, आधी ते वेग कमी करते. गेम अडखळू लागणे आणि काही वेळाने पडदा जाणे, हा क्रम दिसला तर उष्णतेकडे वळावे. मुख्य तापमान आणि ‘हॉट स्पॉट’ (चिपवरील सर्वांत तापलेली जागा) यांत साधारण २५ अंशांहून अधिक अंतर असेल तर चिपवरील उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असण्याची शक्यता असते. कमी ताणावर पंखे अजिबात फिरत नसतील तर तो दोष नाही. बऱ्याच नव्या कार्डांची ती रीतच आहे.

जिनिंगजवळच्या वस्तीत, किंवा वेचणीनंतर कापूस घरातच साठवला असेल तर, साफसफाईशिवाय पुढे जाऊ नये. पिन काढून, पॉवर बटन काही सेकंद दाबून ठेवून उरलेली वीज जाऊ द्यावी. ८ पिनी जोडाची खिट्टी दाबून तो सोडवावा, स्क्रू काढावा, स्लॉटची कडी दाबावी आणि मगच कार्ड ओढावे. वरून पाहिले तर पंखे स्वच्छ दिसतात, कारण तंतू पंख्यातून आत जाऊन ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या तोंडाशी अडकतात आणि तेथे नमद्यासारखा करडा थर धरतात. पंख्याच्या पात्यांमधून टॉर्च मारला तरच तो दिसतो. तो फुंकून आत ढकलू नये. चिमट्याने कडा सोडवली की पुष्कळदा अख्खा पापुद्रा निघतो. नंतर मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा, आणि ब्लोअर चालवताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर त्याची बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर टाळावा, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असते. कूलरसमोर कॅबिनेट ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो; परंतु बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार आत गेले तर पिनांवर पांढरा थर चढतो. खोली कूलरने थंड करावी, झोत मात्र कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

ड्रायव्हर

वीज आणि तापमान ठीक असतील तर ड्रायव्हर हाताळावा. नवा ड्रायव्हर काही शंभर एमबीचा असतो, म्हणून नेट चांगले असेल त्या वेळी तो आधीच डाउनलोड करून ठेवावा. मग नेट बंद करावे, कारण ते चालू राहिले तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये जावे, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर पुसावा आणि नवा बसवावा. त्रास ड्रायव्हर अपडेट केल्यापासूनच सुरू झाला असेल तर नव्याऐवजी आधीची आवृत्ती टाकावी. नवी आवृत्ती जुन्या कार्डाला चांगलीच असते असे नाही.

कार्डाची खरी परीक्षा

आता कार्डाला बाजूला काढून पाहावे. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून, मदरबोर्डच्या एचडीएमआयवर संगणक काही दिवस वापरावा; तरीही तो बंद पडला तर कार्डाचा संबंध नाही, आणि रॅमची एकेक पट्टी लावून पाहावी. कार्ड नसताना तो ठीक चालला तरी एसएमपीएसवरचा भारही कमी झालेला असतो, हे विसरू नये. म्हणून तेच कार्ड चांगला एसएमपीएस असलेल्या मित्राच्या संगणकात लावणे ही दुसरी अर्धी परीक्षा आहे. मित्र मिळाला नाही तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यावी याची मर्यादा) ७० टक्के करावे. बंद पडणे थांबले तर संशय एसएमपीएसवर आणि कार्डाच्या वीजविभागावर राहतो. नंतर पॉवर लिमिट पूर्ववत करून फक्त कोअर क्लॉक (चिपचा वेग) १०० मेगाहर्ट्झने खाली आणल्यावर थांबले, तर चिपच थकली आहे असे समजावे. फरमार्कसारखी ताणाची चाचणी दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये.

जुने कार्ड घेतले असेल तर त्याचा पूर्वेतिहासही विचारात घ्यावा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील मायनिंग (संगणकाने ते चलन कमावणे) संपले आणि त्या कामाची कार्डे मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. त्यांपैकी अनेकांचे बायोस (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम) बदललेले होते. काही कार्डांवर बायोस निवडण्याची छोटी कळ असते, ती दुसऱ्या बाजूला करून पाहावी. चिप ‘गरम करून’ दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने कार्ड काही आठवडे चालते आणि पुन्हा बसते, पैसे मात्र जातात.

इतके करूनही दोष कार्डातच ठरला तर वॉरंटीचे बिल शोधावे आणि सिरीयल क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. एसटीच्या पार्सलने किंवा कुरिअरने पूर्ण कॅबिनेट पाठवायचे असेल तर कार्ड काढून वेगळे बांधावे, कारण धक्क्याने जड कार्ड स्लॉट मोडते. ते अँटिस्टॅटिक पिशवीत घालावे, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे. सोबत वहीतील नोंदींची प्रत जोडावी आणि कोणत्या एसएमपीएसवर, किती व्होल्टवर, किती तापमानाला आणि किती वेळाने कार्ड बंद पडते, हे तिच्यावर ठळक लिहावे, म्हणजे दुकानदार पाच मिनिटे चालवून ‘कार्ड ओके आहे’ म्हणून परत करणार नाही.